गोठ्याची रीत

माझ्या सुनेने, रेश्माने, त्या दिवशी डॉक्टरांपुढे माझे कौतुक केले आणि मी ते ऐकून घेतले. सावेडीतल्या मुलांच्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीशी लावलेल्या खाटेवर माझी नऊ वर्षांची नात राजेश्वरी हाताला सलाईन लावून पडली होती. तिला मधुमेह झाल्याचे सकाळीच निश्चित झाले होते. म्हाताऱ्यांना होतो तो नव्हे, मुलांना होतो तो, ज्यात शरीर आपल्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी आपणच मारून टाकते. डॉक्टर पंकजा, माझ्या धाकट्या भाचीच्या वयाची शांत मुलगी, कागदावर काहीबाही लिहीत होती. लिहिता लिहिता मान वर न करता तिने विचारले, की गेल्या काही महिन्यांत हिला एखादा विषाणूचा आजार झाला होता का. ताप, पुरळ, तोंडात फोड, असे काही. आमच्या घरात कुणाही परक्याच्या प्रश्नाचे उत्तर मी देते. लग्न होऊन आल्यापासूनच्या अठ्ठावन्न वर्षांत या नियमाला अपवाद झालेला मला आठवत नाही. त्या दिवशी झाला. उत्तर सुनेने दिले. धाकट्याला, समर्थला, ऑगस्टमध्ये हात-पाय-तोंडाचा आजार झाला होता, ती म्हणाली. पण हिला झाला नाही. "मी तेव्हा पुण्याला ट्रेनिंगला होते. पण आईंनी दोघांना पूर्ण वेगळं ठेवलं. ताटं-पेलेसुद्धा वेगळे. माझ्याच्यानं इतकं झालं नसतं." डॉक्टरने माझ्याकडे पाहून आदराने मान हलवली. राजेश्वरीनेही माझ्याकडे पाहिले. तिचे डोळे त्या दिवसांत खोल गेले होते, म्हणून ते फार मोठे दिसत.  मग तिने खिडकीबाहेर पाहिले, जिथून उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर चालला होता, आणि मीही तिकडेच पाहिले.

मी अडाणी नाही, हे आधी स्पष्ट केलेले बरे. राहुरीजवळ, मुळेच्या कालव्याला लागून आमची शेती आहे. तिथल्या बायकांची दूध संस्था मी उभी केली आणि वीस वर्षे तिची अध्यक्ष होते. लाळ्या-खुरकुताची लस आमच्या भागात आली तेव्हा लोक म्हणत, सुई टोचली की दूध आटते. मी माझ्या अकराही गायी भर चौकात आणून उभ्या केल्या आणि सगळ्यांच्या देखत टोचून घेतल्या. त्यानंतर संस्थेच्या प्रत्येक सभेत मी बायकांना सांगत असे, की लस नव्हती तेव्हा आपली एक रीत होती, आता लस आहे, आता ती रीत मोडीत काढा. रीत काय होती तेही मी सांगत असे, आणि सांगताना माझा आवाज किंचित चढत असे, कारण ती मला मामंजींनी स्वतः शिकवली होती. माझ्या लग्नानंतर पाचव्या वर्षी गोठ्यात खुरकूत शिरले. एक गाय लाळ गाळू लागली, जिभेवर फोड, खुरांच्या बेचक्यात जखमा. मामंजींनी एक जुने धोतर फाडले, त्या गायीच्या तोंडातली लाळ त्यात टिपली आणि ते फडके एकेका गायीच्या, बैलाच्या तोंडात फिरवले. मी घाबरून पाहत होते. ते म्हणाले, "सूनबाई, रोग दारात आलाच आहे. एकेकीला गाठत बसला तर चार महिने गोठा आजारी राहील. सगळ्यांना एकदमच होऊ दे. पंधरा दिवसांत मोकळे होऊ." आणि पंधरा दिवसांत आम्ही खरोखर मोकळे झालो. तुरटीच्या पाण्याने खूर धुताना माझ्या हातांची सालटी निघाली, पण महिन्याभरात दूध पूर्ववत झाले, आणि शेजारच्या वस्तीवर मात्र दिवाळीपर्यंत एक ना एक जनावर लंगडत होते. त्या वर्षी मला प्रथमच वाटले की मी या घरची झाले. आपण होऊन संकटाला आत घ्यायचे, त्याला आपल्या वेळापत्रकाने वागवायचे आणि आपल्या वेळेला बाहेर काढायचे, यात जो रुबाब आहे, तो मी मामंजींकडून घेतला आणि पुढे आयुष्यभर वापरला.

ऑगस्टमध्ये समर्थच्या बालवाडीने त्याला आठ दिवस घरी ठेवायला सांगितले. रेश्मा शाळेत विज्ञान शिकवते. तिचे पुण्याचे प्रशिक्षण ठरलेले होते. माझा मुलगा अंगद पाटबंधारे खात्यात अभियंता आहे आणि मुळा धरण काठोकाठ येत असल्याने तो घरी नुसता झोपण्यापुरता येई. मी म्हटले, दोन्ही मुलांना शेतावर नेते. रेश्माने निघताना मला तीन गोष्टी सांगितल्या: दोघांना वेगळे झोपवा, ताट-पेला वेगळा ठेवा, त्याचे सगळे काही आवरल्यावर साबणाने हात धुवा. मी ऐकून घेतले. तिच्या आवाजात विनंती होती, तरी तिन्ही वाक्ये आज्ञार्थी होती, आणि ते माझ्या कानाला लागले. समर्थच्या डॉक्टरांना मी निघण्यापूर्वी फोनवर एकच प्रश्न विचारला होता, की या आजाराला लस आहे का. ते म्हणाले, आपल्याकडे नाही. माझ्या मनात त्या क्षणी जे घडले ते मी आता अगदी स्वच्छ पाहू शकते. वीस वर्षे सभांमधून मी जे वाक्य बोलले होते, ते उलटे फिरून माझ्याकडे आले. लस आहे म्हणून रीत मोडा. लस नाही, तर मग रीत. शिवाय आजाराचे नावही तसेच, तिथे लाळ आणि खूर, इथे तोंड आणि पाय. शेतावर पोचलो तेव्हा गोठ्यात रतनबाई दूध काढत होती. ती माझ्याकडे चाळीस वर्षे आहे. दोघांना एकाच ताटात जेवू घालणार, असे तिला मी सांगितले तेव्हा तिने कास सोडून वर पाहिले. "पोरं हायती ती, माई. गाया न्हाईत." मी म्हटले, तुझी मुले काय वेगवेगळ्या ताटांत जेवून वाढली? ती म्हणाली, "आमच्यात ताटंच कुठं हुती इतकी." आणि हसून पुन्हा दूध काढू लागली. त्या दुपारी मी पितळी परातीत दूध-भात कालवला आणि दोन्ही मुलांना समोरासमोर बसवले. समर्थच्या तोंडात फोड होते, तो घास अर्धा चावून परत टाकी. राजेश्वरी त्याला चिडवत, हसत, त्याच परातीतून जेवली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिच्या तळव्यांवर लहान लाल ठिपके आले, घसा दुखला, एक दिवस अंग गरम लागले. मी मनात म्हटले, झाले, सुटलो. रोज फोनवर रेश्मा विचारी, ताटे वेगळी आहेत ना. मी हो म्हणे. मी खोटे बोलत नाही. ते मला खोटे वाटलेच नाही, ते एका अननुभवी मुलीच्या चिंतेला दिलेले उत्तर वाटले. निघताना गाडीत मी राजेश्वरीला सांगितले, की आईला यातले काही सांगायचे नाही, उगीच घाबरेल. तिने मान डोलावली. ठिपके तोवर पार सुकले होते.

दिवाळी झाली आणि तिला तहान लागू लागली. मी म्हटले, ऑक्टोबरचे ऊन. ती अंथरूण ओले करू लागली. मी तिला रागावले, एवढी मोठी घोडी म्हणून. तिचे गाल बसले. मी म्हटले, उंची वाढते आहे. एका सकाळी मी मोरीत गेले आणि पाहिले, की राजेश्वरी रात्री लघवीला बसे तिथे मुंग्यांची एक दाट काळी रांग लागली होती, आदल्या संध्याकाळी तिथे काही सांडले नसताना. मी त्यांच्यावर तांब्याभर पाणी ओतले. तासाभराने त्या पुन्हा तिथेच होत्या. त्या मुंग्यांकडे पाहत मी किती वेळ उभी होते हे मला सांगता येणार नाही; मला एवढेच कळले, की या घरात काहीतरी माझ्या नजरेसमोरून गेले आहे आणि मी त्याला नाव चुकीचे दिले आहे. दुसऱ्या दिवशी ती शाळेत उलट्या करून पडली.

घरी आल्यावर आमचे स्वयंपाकघर प्रयोगशाळेसारखे झाले. बोटाला सुई, रक्ताचा थेंब, पट्टी, आकडा, मग पेनसारख्या इन्सुलिनच्या सुईवर मात्रा फिरवायची आणि पोटावर किंवा मांडीवर टोचायची, दिवसातून चारदा. राजेश्वरी आठवड्याभरात सारे शिकली. तिने एका वहीत पोटाचे चित्र काढून त्यावर काल कुठे, आज कुठे अशा फुल्या मारल्या. रेश्मा मात्र खचत गेली. ती मोठ्याने रडणारी नाही. ती डबे आवरू लागली. बिस्किटांचा डबा गेला, साखरेचा गेला, मग गुळाचा. भेटायला येणाऱ्या बायका सोफ्यावर बसून तिच्याच तोंडाकडे पाहत विचारीत, की लई गोड खात हुती का पोरगी, दिवाळीचं जास्त झालं का, आईच नोकरीला मग पोरांकडं बघणार कोण. त्यांना मी गप्प करी. माझ्या एका वाक्यात त्या चहा अर्धा ठेवून उठत. डॉक्टरने स्पष्ट सांगितले होते की गोड खाल्ल्याने हा आजार होत नाही, आणि मी ते प्रत्येकीला सुनावत असे. पण बायका गेल्यावर रेश्मा म्हणे, "गोडानं नसेल होत आई, पण कशानंतरी झालाच ना." आणि मी भाजी निवडत राही. माझ्या हाताखाली मेथीचा ढीग वाढत जाई. पाने एकीकडे, देठ एकीकडे, आणि मला मामंजींचे फडके दिसे. त्याबरोबर आणखी एक गोष्ट दिसू लागली होती, जी मी कोणत्याही सभेत सांगितली नव्हती. त्या वर्षी गोठ्यात पिती वासरे चार होती. मोठी जनावरे पंधरा दिवसांत बरी झाली. वासरांपैकी तीन एका आठवड्यात गेली. आदल्या दिवशी उड्या मारणारे वासरू आईच्या कासेला तोंड लावता लावता खाली बसे आणि उठत नसे. मामंजी म्हणाले होते, वासरे जायचीच. आम्ही त्यांना मळीच्या रानात पुरले आणि त्यांची गणती केली नाही. पन्नास वर्षे मी ती गोष्ट सांगितली आणि ती नेहमी गायींच्या दुधाशी संपली.

एका दुपारी मी राजेश्वरीची वेणी घालत होते. ती म्हणाली, "माई, मी आईला सांगितलं नाही हं." माझा हात थांबला. मी विचारले, काय. "परातीचं. तू सांगू नको म्हणाली होतीस ना." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. उलट थोडा अभिमान होता, काम चोख पार पाडल्याचा, अगदी माझाच. मग तिने विचारले, की तिला हे त्यामुळे झाले का, कारण डॉक्टरबाईंनी तेच विचारले होते. मी म्हटले, मला ठाऊक नाही. माझ्या तोंडून हे तीन शब्द त्या मुलीने त्यापूर्वी कधी ऐकले नसावेत. तिने वळून माझ्याकडे पाहिले आणि तिची अर्धी घातलेली वेणी माझ्या बोटांतून सुटली.

तरीही मी बोलले नाही. धैर्य कमी पडले असे म्हणणार नाही, तो शब्द मला लागू नाही. माझ्या मनात हिशोब असा होता, की सांगून मुलीचा आजार जाणार नाही, मग घराची घडी का विस्कटावी. या घरात माझा शब्द शेवटचा असतो म्हणून बाकीचे निर्धास्त असतात. त्या शब्दालाच तडा गेला तर टेकायचे कशाला. हा युक्तिवाद मला डिसेंबरच्या शेवटच्या शनिवारपर्यंत पुरला. त्या संध्याकाळी रेश्माने माझ्यासमोर एक कागद ठेवला. शाळेला द्यायचा राजीनामा होता. माझे मराठी घरात प्रमाण मानले जाते, म्हणून ती म्हणाली, "भाषा एकदा पाहून द्या, आई. सोमवारी दवाखान्यातून परस्पर शाळेत जाऊन देते." मी चष्मा लावला. कौटुंबिक कारणास्तव. चौदा वर्षांच्या सेवेनंतर. आपली कृतज्ञ. एकही चूक नव्हती. मी शोधली, विरामचिन्हांतसुद्धा शोधली, आणि ती नव्हती. तिला विचारले, अंगद काय म्हणतो. तो म्हणतो, तुला योग्य वाटेल ते कर. "मी ऑगस्टमध्ये पुण्याला गेले," रेश्मा म्हणाली, "दिवाळीपर्यंत तिच्या अंगात काहीतरी बदलत होतं आणि मी दहावीचे पेपर तपासत होते. आता नाही जमणार." मी तो कागद उशाशी ठेवला. रविवारभर तो तिथे होता. लग्न ठरले तेव्हा मी मॅट्रिक होते. कॉलेजात जायचे होते, कुणी जाऊ दिले नाही, आणि म्हणूनच नोकरी करणारी सून मी स्वतः, संगमनेरला जाऊन, नावानिशी मागून आणली होती. त्या कागदावर सही तिची होती. कारण माझे होते.

सोमवारी सकाळी डॉक्टर पंकजाने राजेश्वरीची वही पाहिली, फुल्यांचे चित्र पाहून तिला शाबासकी दिली आणि खाली वजन करायला पाठवले. खोलीत आम्ही तिघीच उरलो. मी काठी भिंतीला टेकवली आणि उभी राहिले; महत्त्वाचे बोलणे मी बसून करत नाही. मी सांगितले. परात, दूध-भात, तळव्यावरचे ठिपके, फोनवरचे रोजचे हो, गाडीत मुलीला दिलेली ताकीद. खुरकुताचे फडकेही सांगितले, आणि प्रथमच वासरेही सांगितली. रेश्मा माझ्याकडे पाहत नव्हती. तिच्या मांडीवरच्या पर्समध्ये, निघताना माझ्याकडून परत घेतलेल्या त्या पत्राचे टोक दिसत होते. शेवटी मी म्हटले, "हिच्या आजाराला मी जबाबदार आहे. हिची आई नाही. हे आपण कागदावर लिहून घ्या."

डॉक्टरने पेन खाली ठेवले. ती म्हणाली, की गायींचे खुरकूत आणि मुलांचा हा आजार यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, नावापुरते साम्य आहे. मुलांच्या आजाराचे जे विषाणू आहेत, त्याच कुळातल्या काहींचा या मधुमेहाशी संबंध अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसला आहे, हे खरे. ज्या मुलाच्या जन्मजात घडणीत ती वाट आधीच असते, त्याच्या शरीराचे राखणदार अशा एखाद्या संसर्गानंतर बिथरतात आणि घरच्यांनाच चोर समजून मारतात, असे मानतात. पण कोणत्या मुलात कोणत्या दिवशी काय घडले, हे आज जगात कुणालाच सांगता येत नाही. "आजी, ऑगस्टमध्ये माझ्याकडे या आजाराची शंभरेक मुलं आली. त्यातल्या एकालाही अजून मधुमेह झालेला नाही. समर्थलाही नाही. राजेश्वरीचं कदाचित दोन वर्षांपूर्वीच सुरू झालं असेल. त्या परातीनं शेवटचा धक्का दिला असेल, नसेलही. मी हे तुमच्या नावावर लिहू शकत नाही." मी म्हटले, मग कुणाच्या नावावर लिहिता? ती किंचित हसली. "कुणाच्याच नाही. ती जागा रिकामी ठेवायची असते."

त्या वाक्याने मला जितके हलवले तितके माझ्यावर ठपका ठेवणाऱ्या वाक्याने हलवले नसते, हे मान्य करते. सहा आठवडे मी तो दोष जपला होता, दागिन्यासारखा, कडीकुलपात, आणि मनातून माझी खात्री होती की तो खरा आहे. या घरात चांगले घडले ते माझ्यामुळे; मग एवढे मोठे वाईट माझ्यावाचून कसे घडेल. मी तो बाहेर काढून टेबलावर ठेवला आणि एका तरुण मुलीने तो हातात घेऊन, उलटसुलट पाहून, सौम्यपणे परत केला. हा खरा की खोटा सांगता येत नाही म्हणून. मी बसले. खुर्ची प्लॅस्टिकची होती आणि तिचा एक पाय आखूड होता.

जिन्यात रेश्मा माझ्यापुढे दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. वळून पाहिले नाही. "विषाणूचं मला माहीत नाही," ती म्हणाली. "डॉक्टरांनाच माहीत नाही. पण मी रोज फोन करून विचारत होते, आई. आणि तुम्ही हो म्हणत होता." मी म्हटले, हो. "हो म्हणू नका आता."  खालून राजेश्वरीचा आवाज येत होता. तिचे वजन दीड किलो वाढले होते आणि ती ते कम्पाउंडरला पुन्हा पुन्हा विचारून पक्के करत होती. रेश्माने पर्समधून ते पत्र काढले, माझ्या हातात दिले आणि घड्याळ पाहिले. "माझा अकराचा तास आहे. अंगद ऑफिसला गेलाय. बाराचं इन्सुलिन तुम्ही द्या." एक पायरी उतरून ती पुन्हा थांबली. "तिला विचारून द्या. तुमच्या मनानं काही करायचं नाही." मी म्हटले, बरे. मी कुणाला बरे म्हटलेले रेश्माने प्रथमच ऐकले असते, पण ती तोवर रस्त्यावर पोचली होती आणि रिक्षाला हात करत होती.

बारा वाजायला पाच मिनिटे होती. दवाखान्यासाठी राजेश्वरीची त्या दिवशी शाळेतून सुटी घेतली होती. तिने स्वयंपाकघराच्या ओट्यावर सगळे मांडले: मीटर, पट्ट्या, पेन, वही. स्टूल ओढून त्यावर ती बसली, पाय हलवत. तिने बोट टोचून घेतले, आकडा वाचला, वहीत लिहिला, मात्रा किती ते मला सांगितले आणि पेन फिरवून त्या आकड्यावर आणले. मग तिने फ्रॉक वर करून बेंबीच्या डाव्या बाजूला बोट ठेवले, आज इथे. मी पेन घ्यायला हात पुढे केला. ती ते देईना.

"माई, हात धुतलेस?"

मी म्हटले, माझी सकाळीच आंघोळ झाली आहे आणि मी काही शेणात हात घातलेला नाही.

"ते नाही. आत्ता. साबणानं. वीसपर्यंत मोजायचं." तिने पेन आपल्या मांडीवर ठेवले आणि त्यावर हात ठेवला. "मी थांबते."

मी उठले. बेसिनशी गेले, बांगड्या मनगटावर मागे सारल्या आणि नळ सोडला. साबण रेश्माचा होता, लिंबाच्या वासाचा. तळवे, बोटांच्या बेचक्या, नखे. गायींचे खूर मी याहून बारकाईने धुतले होते, तुरटीच्या पाण्याने, सालटी निघेपर्यंत. मी मनात मोजत सतरापर्यंत आले, तेव्हा मागून आवाज आला.

"मोठ्यानं मोज. मला ऐकू येत नाही."

मी पुन्हा साबण घेतला आणि एकपासून सुरुवात केली.